गुरुवारची चाल

फिटरने दवाखान्याचं दार हाताने नाही, बुटाने उघडलं.

सोमवारची सकाळ होती. व्हरांड्यातल्या बाकावर नऊ जण बसले होते आणि आत सिस्टर एका म्हाताऱ्या खलाशाच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत होती. आवाज ऐकून तिने मान वळवली, तोवर फिटर थेट तिच्या टेबलाशी येऊन ठेपला होता. रुंद खांद्यांचा, पण एरवी जमिनीकडे बघून बोलणारा माणूस. आज मात्र डोळे लाल.

"कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "तेवढं एक सांगा, मी गुमान जातो."

"काय सांगितलं? कुणाला? आधी बसा तरी."

"बसायला नाही आलो. भरतीच्या एजंटाने जहाजावरची माझी जागा दुसऱ्याला दिली. परवा जहाज सुटतंय, माझी बॅग भरून तयार आहे, आणि हा मला म्हणतो, तुझा इलाज चाललाय ना, आधी बरा हो, मग बघू. कसला इलाज ते मी माझ्या सख्ख्या आईला सांगितलेलं नाही, सिस्टर. माहीत कुणाला? मला, डॉक्टरांना आणि तुम्हाला. मग एजंटाच्या कानात कोण येऊन सांगून गेलं?"

म्हाताऱ्या खलाशाने आपल्या हातानेच पट्टा सोडला आणि खाली बघत बसला. बाकावरची कुजबुज बंद झाली.

"आत या," सिस्टर हळू म्हणाली. "आणि तिसरं इंजेक्शन राहिलंय तुमचं. रागावा माझ्यावर, पण ते घ्या. अर्धवट सोडलेला आजार आत दबा धरून बसतो."

"ते ठेवा तुमच्याच कपाटात," फिटर म्हणाला. "माझ्या फाइलीशेजारी."

तो गेला. सिस्टरने म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर कागदावर लिहिलं आणि पुढच्याला बोलावायला बाहेर डोकावली, तर बाकावर चौघंच उरले होते. बुधवारी दोघं आले. आठवडा सरता सरता बाक ओस पडला. दवाखान्यातून बातमी फुटते, हे बंदरातल्या शेवटच्या बोटीपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार?

हा दवाखाना बंदराच्या मागच्या फाटकासमोर होता. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे मोरी आणि बोळात उघडणारं एक दार. खलाशांचे कान, डोळे, रक्त, लघवी सगळं इथे तपासलं जाई, पण खरं काम निराळंच होतं. महिनोन् महिने पाण्यावर राहिलेला माणूस एखाद्या बंदरात दोन दिवस उतरतो आणि तिथून काय घेऊन येतो, ते त्याच्या बायकोपर्यंत पोचायच्या आत थांबवायचं. कंडोमची बरणी आधी दाराशी ठेवली होती, तेव्हा तिला कुणी शिवत नसे. सिस्टरने ती मोरीत नेऊन ठेवली आणि दर दोन दिवसांनी भरावी लागू लागली. अशा बारीकसारीक युक्त्या करून चार वर्षांत तिने माणसांचा विश्वास जमवला होता. तो एका सकाळी पार धुवून निघाला.

"कुठून फुटलं ते शोधा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर टाळं लावा आणि घरी बसा. आणखी एक. त्या फिटरला तिसरं इंजेक्शन दुसऱ्यापासून चौदा दिवसांच्या आत मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर तिन्ही पुन्हा पहिल्यापासून."

शोधायचं म्हणजे चौघांत शोधायचं. सिस्टरला पहिला संशय आला तो डॉक्टरांचाच. त्यांचा आवाज मोठा. दुपारी रुग्ण नसताना तिने त्यांना आतल्या खोलीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन भिंतीला कान लावला. नुसती गुणगुण ऐकू आली, शब्द एकही नाही. डॉक्टरांना तिने कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण चेहऱ्यावरून त्यांना समजलं असावं. दवाखान्याचा वॉचमन व्हरांड्याच्या आत कधी येत नसे. मग राहिली ती स्वतः. आणि राहिली धाकटी.

धाकटी म्हणजे सिस्टरची जाऊ. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, आता दवाखान्यातही तेच नाव पडलं होतं. सिस्टरचा नवरा बंदरात क्रेन चालवायचा. धाकटीचा नवरा, म्हणजे सिस्टरचा दीर, तेलाच्या जहाजावर पंपमन होता, तेल चढवायचे-उतरवायचे पंप बघायचा. दोन्ही बिऱ्हाडं एकाच घरात, वरखाली. नोंदणीच्या खिडकीत बसायला माणूस हवं होतं तेव्हा तीन महिन्यांपूर्वी धाकटीच मागे लागली. "ताई, मला घ्या ना. मुलगी शाळेत गेली की घर खायला उठतं." सिस्टरने शब्द टाकला आणि ती लागली कामाला. हुशार होती, अक्षर चांगलं होतं. पण तिच्या पोटात काही राहत नाही, अशी घरात तिची ख्याती होती. सासूने मोलकरणीबद्दल काही म्हणावं आणि संध्याकाळपर्यंत ते मोलकरणीनेच सासूला ऐकवावं, असं दोनदा झालं होतं.

सिस्टर आता तिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवू लागली. खिडकीत फोन वाजला की हातातली सुई तशीच धरून कान टवकारायची. धाकटी फोन घेऊन व्हरांड्यात गेली की ही काहीतरी निमित्त काढून मागे. एकदा ऐकू आलं, "नाही गं, अजून नाही सापडलं." कुणाशी बोलत होतीस, असं सहज विचारल्यासारखं केलं, तर "मैत्रीण हो," म्हणून धाकटी टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं.

घरी जायच्या वाटेवर पूर्वी दोघींची अखंड टकळी चालायची. आता धाकटी गप्प गप्प चालायची आणि मध्येच काहीतरी भलतंच विचारायची. "ताई, जुन्या फाइली किती वर्षं ठेवतात?" किंवा "नंबर कुणाचा कुठला, ते तुम्हाला पाठ असतं का हो?"

"नाही," सिस्टर म्हणाली. आणि ते खोटं होतं.

दवाखान्यातली पद्धत अशी. माणसाचं नाव फक्त एका वहीत, त्याच्यापुढे नंबर. ती वही सिस्टरच्या खणात, खणाची किल्ली तिच्याजवळ. फाइलीवर नाव नाही. नंबर, वय, हुद्दा आणि तारीख. फाइली लोखंडी कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली मात्र फ्रीजच्या मागच्या खिळ्यावर, सगळ्यांना ठाऊक. सिस्टरला बहुतेक नंबर खरोखरच आठवत नसत. पण एक नंबर तिच्या काळजात रुतून बसला होता. चारशे बारा. पंपमन, वय चौतीस.

गेल्या वर्षी दीर बोटीवरून उतरून घरी न जाता थेट दवाखान्यात आला होता. बॅग खांद्यावर, चेहरा राखेसारखा. "वहिनी, माझ्या हातून चूक झाली," एवढंच म्हणाला आणि डॉक्टरांच्या खोलीत गेला. परमा, म्हणजे गनोरिया, निघाला. औषध मिळालं. आठ दिवस बायकोजवळ जायचं नाही, दुसरं काही लपलेलं नाही ना म्हणून पुढे सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं, तोवर कंडोमशिवाय नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आठ दिवस तो खलाशांच्या वसतिगृहात राहिला आणि घरी फोन करून सांगितलं की जहाज बाहेरच नांगरून पडलंय, धक्क्याला जागा नाही. "तिला सांगू नका, वहिनी. तुमच्या पाया पडतो." सिस्टरने सांगितलं नाही. सांगायचा तिला अधिकारच नव्हता. दुसरी तपासणी स्वच्छ निघाली तेव्हा तिने एकटीनेच सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या दिवसापासून जावेच्या ताटाला ताट लावून जेवताना तिला प्रत्येक वेळी घास जड जायचा.

त्यामुळे संशय घेणारीही तीच आणि लपवणारीही तीच, अशी तिची गत झाली होती. पण फिटरचा चेहरा आठवला की ती ते विसरायची. मनाला बजावायची की आपलं गुपित वेगळं, हे वेगळं.

त्या सोमवारी, म्हणजे फिटर दार लाथाडून गेला त्याला बरोबर आठवडा झाला तेव्हा, ती कपाट आवरायला बसली. फाइली काढता काढता तिचा हात थांबला. एका फाइलीच्या कडेला जांभळा डाग होता, शिक्क्याच्या शाईचा. अंगठ्याएवढा. नोंदणीच्या खिडकीत दिवसभर शिक्के मारून धाकटीचा अंगठा कायम जांभळा असायचा. नवीन फाइलींवर तो असणारच. पण ही फाइल गेल्या वर्षीची होती. तेव्हा धाकटी दवाखान्यात नव्हतीच.

सिस्टरने आणखी दोन काढल्या. दोन्हींवर डाग. चारशे नऊ नंबर चारशे सातच्या आधी लावलेला.

तिचे कान तापले. म्हणजे हीच. आपण शब्द टाकून आणलेली, आपल्या घरातली. फाइलीवर नाव नसलं तरी वय, हुद्दा आणि तारखेवरून माणूस ओळखता येतोच. एजंटाला कुणाकुणाचं काय काय पुरवलं असेल हिने? सिस्टरने कपाट बंद केलं, किल्ली खिळ्याला लावली, आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "मी बंदर कचेरीत जाऊन येते. तासभर लागेल."

ती कोपऱ्यापर्यंत गेली, पंधरा मिनिटं एका दुकानाच्या सावलीत उभी राहिली आणि बोळातून मागच्या दाराने आत शिरली. चपला हातात.

कपाट उघडं होतं. धाकटी फरशीवर मांडी घालून बसली होती आणि मांडीवर फाइलींचा गठ्ठा.

"आजची कितवी फाइल?" सिस्टर म्हणाली.

धाकटी दचकली, पण गठ्ठा सोडला नाही. "ताई..."

"मला ताई म्हणू नकोस. एजंट काय देतो तुला? की फुकटच सांगतेस, जिभेला खाज म्हणून?"

"एजंट?" धाकटीला क्षणभर काही उमगेना. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्या पाठी पाठी फिरत होतात ते... तुम्ही मला त्या एजंटाची खबरी समजलात?"

"मग हे काय चाललंय? भरतकाम?"

सिस्टरची नजर तेव्हा कुठे त्या गठ्ठ्यावर नीट पडली. सगळ्या फाइली गेल्या वर्षीच्या, आणि सगळ्या एकाच महिन्याच्या. एजंटाला गेल्या वर्षीच्या फाइली कशाला लागतील? तो महिना कुठला, हे सिस्टरला तारीख न वाचताच कळलं. वरून चौथी फाइल. कडेला स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आकडा. चारशे बारा. धाकटीचा जांभळा अंगठा तिसरीवर होता.

सिस्टर पुढे झाली आणि सगळा गठ्ठा एका हाताने उचलून छातीशी धरला.

"यांची शोधत होते," धाकटी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुमच्या दिराची."

"कशावरून असेल इथे?"

"जहाज आठ दिवस बाहेर नांगरलं होतं म्हणाले ना? त्याच जहाजावरच्या कुकची बायको मुलीच्या शाळेत भेटते. तिचा नवरा पहिल्याच दिवशी घरी आला होता. एकच जहाज, ताई, आणि एक माणूस घरी, दुसरा समुद्रात? ती बिचारी अजून फोन करून विचारते, काही सापडलं का." तिने पदराने अंगठा पुसायला घेतला, तो पुसला जात नव्हता. "आणि दुसरं. दुसरं मूल हवं म्हणून वर्षभर फोनवर मागे लागलेला माणूस घरी आल्यावर दीड महिना म्हणतो, आता नको, सांभाळून राहू. मग एके दिवशी अचानक ते नको म्हणणं बंद. मी काय दूधखुळी आहे? बाई असती कुठे तर मी भांडले असते. पण काही आजार आणला असेल घरात, तर? मला पोर आहे. म्हणून ही नोकरी मागितली मी तुमच्याकडे. वेळ जात नाही म्हणून नव्हे."

छातीशी धरलेल्या गठ्ठ्याची कड सिस्टरच्या गळ्याला बोचत होती.

"तुम्हाला माहीत आहे," धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली. "आहे ना फाइल? एवढंच सांगा. हो का नाही."

"हो पण म्हणणार नाही, आणि नाही पण म्हणणार नाही."

"नाही म्हणायला काय जातं? नसेल तर सरळ नाही म्हणा."

"आज तुला नाही म्हटलं, तर उद्या दुसरी कुणी विचारायला आली आणि मी गप्प बसले, की तिला त्या गप्प बसण्यातच कळेल. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर. तुला, तिला, एजंटाला. माझ्या सख्ख्या बहिणीला दिलं असतं तेच."

"मी सख्खी नाहीच."

हे लागलं सिस्टरला. तिने फाइली कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली खिळ्याला न लावता कमरेला खोचली. "तुला भीती वाटते ना? मग त्याची फाइल शोधू नकोस. स्वतःचं रक्त आणि लघवी तपास. आत्ता तपास, डॉक्टर यायच्या आत मी काढते. तुझी फाइल तू उघडू शकतेस, त्याला कुणी ना म्हणणार नाही. आणि जे विचारायचं ते त्याला विचार. त्याच्या तोंडून येऊ दे."

धाकटी हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "केवढं ते गुपित! अहो, कसलं गुपित धरून बसलाय? एजंटाला तुमची फाइल लागतच नाही. खिडकीत बसा एकदा माझ्या जागेवर. समोरच्या दोरखंडाच्या दुकानात त्याचा कारकून दर गुरुवारी स्टूल टाकून बसतो. इंजेक्शनं गुरुवारची ना तुमची? कंबरेत सुई घेऊन माणूस बाहेर पडतो तो असा..." ती उठली आणि एक हात कमरेखाली ठेवून, पाय ओढत, तोंड वाकडं करत दारापर्यंत चालून गेली. "तो कारकून म्हणतोसुद्धा, आला गुरुवारचा लंगडा. आणि वहीत टिपतो. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

सिस्टर खुर्चीत बसली. ते इंजेक्शन कमरेखाली दोन्ही बाजूंना द्यावं लागतं आणि जाम दुखतं. मोठ्या इस्पितळातून औषध बुधवारी संध्याकाळी येई, म्हणून गुरुवार. चार वर्षं ती आत सुई टोचत होती आणि पुढच्याला हाक मारत होती. टोचलेला माणूस बाहेर कसा चालतो, हे तिने एकदाही बघितलं नव्हतं.

"माफ कर," ती म्हणाली.

"रक्त काढा," धाकटी म्हणाली आणि बाही वर सारली.

बुधवार हा फिटरचा तेरावा दिवस. सिस्टर त्याच्या वसतिगृहावर गेली आणि खाली बसलेल्या व्यवस्थापकाला मोठ्याने म्हणाली, "डोळ्याच्या दाखल्यावर सही राहिलीय त्यांची, जरा बोलवा." फिटर खाली आला, तिला बघून परत वळणार होता.

"एकच विचारते," ती म्हणाली. "दुसऱ्या इंजेक्शननंतर बाहेर पडलात तेव्हा समोर कोण होतं?"

तो आठवू लागला. "एजंटाचा माणूस. पाय मुरगळला का विचारत होता. मी म्हटलं, हो, जिन्यावरून..." त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. त्याने मागे वळून जिन्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "म्हणजे मीच?"

"तुम्ही नाही. आम्हीच. दार एक, वार एक, आणि बाहेर बघायचं आम्हाला सुचलं नाही."

तो बोळातून, मागच्या दाराने आला. तिसरं इंजेक्शन त्याच्यासाठी फ्रीजमध्ये ठेवलेलंच होतं. डॉक्टरांनी ते दिलं, अर्धा तास पालथं झोपवून गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि खलाशांच्या संघटनेला पत्र लिहिलं, की हा माणूस कामाला पूर्ण लायक आहे आणि त्याला कुठल्या कारणाने उतरवलं याचा एजंटाला जाब विचारावा. त्या पत्रात आजाराचं नाव नव्हतं. एजंटाने जागा परत दिली नाही. ते जहाज सुटलंच होतं. पण संघटनेचे लोक दारात येऊन उभे राहिल्यावर त्याची बोबडी वळली. दोन महिन्यांनी फिटर दुसऱ्या जहाजावर चढला.

गुरुवारची गोष्ट मात्र धाकटीने हातात घेतली. म्हाताऱ्या खलाशाला तिने खिडकीत बोलावलं आणि एजंटाच्या कारकुनाचं सगळं सांगितलं. कुणा रुग्णाचं नाही, फक्त त्या कारकुनाचं. तिच्या पोटात काही राहत नाही याचा जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी फायदा झाला. पुढच्या गुरुवारी म्हातारा आपल्या गाळ काढायच्या बोटीवरची सगळी माणसं घेऊन आला, बावीस जण. कुणाला चष्म्याचा नंबर, कुणाला ब्लडप्रेशर, कुणाच्या कानात मळ. एकेक जण तपासून घ्यायचा, दारातून बाहेर पडायचा आणि पायरीवरच कमरेला हात लावून लंगडायला लागायचा. कारकुनाने पहिली सहा-सात नावं विचारून विचारून टिपली. दहाव्याला त्याने मान वर केली. पंधरावा तर चक्क दोन्ही पायांनी लंगडत होता. त्यांच्या मागून पोटाचा घेर सांभाळत एका मोठ्या जहाजाचा चीफ इंजिनिअर निघाला, जो एजंटाच्या घरी जेवायला जायचा. म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून तोही रस्ता ओलांडेपर्यंत विव्हळत गेला. कारकुनाने वही खिशात घातली आणि स्टूल उचलून आत नेलं. पुन्हा तो तिथे दिसला नाही. त्याच्यावर विसंबून न राहता सिस्टरने इंजेक्शनांचा वारच काढून टाकला. रोज थोडी, मागच्या दाराने. बाक हळूहळू भरू लागला. माणसं आधी दाराकडे बघायची, मग खिडकीकडे, मग बसायची.

धाकटीचं रक्त, लघवी, सगळं स्वच्छ निघालं. कागद तिने चार वेळा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्याविषयी चकार शब्द काढला नाही.

तीन आठवड्यांनी दिराचं जहाज लागलं. सिस्टर धक्क्याच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. तिला बघताच त्याने बॅग खाली ठेवली.

"सांगितलंत?"

"नाही. पण त्या आठ दिवसांचं खोटं तिला कळलंय, भावजी. बाकीचं ती मनात रचतेय, आणि खऱ्यापेक्षा वाईट रचतेय. आज तुम्ही सांगा."

"आणि ती सोडून गेली तर?"

"तर जाईल. मी काय सांगू? या वेळचं काय?"

"या वेळी काही नाही. बरणीतली पाकिटं घेऊन गेलो होतो तुमच्या. तीसुद्धा न फोडता परत आणलीयत," तो ओशाळून म्हणाला. "तरी तपासा."

"तपासू. आधी घरी जा."

वरच्या मजल्यावरून त्या संध्याकाळी भांडणाचा आवाज आला नाही. भांडी आपटली नाहीत. सिस्टर स्वयंपाकघरात उभी राहून वरचा कानोसा घेत होती, आणि ती शांतता तिला भांडणापेक्षा जास्त खुपली. नवरा म्हणाला, "काय झालंय वर?" ती म्हणाली, "मला काय माहीत?" तिला सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी एकटी कामावर येऊ लागली, वेगळ्या रस्त्याने. दवाखान्यात ती सिस्टरला सिस्टर म्हणायची. नऊ दिवस. दहाव्या दिवशी दुपारी ती आतल्या खोलीत आली आणि दार लावून उभी राहिली.

"त्या आठ दिवसांत हे घरी आले असते तर?"

"तर तुला झालं असतं. बहुतेक."

"म्हणजे तुम्ही अडवलंत यांना."

"डॉक्टरांनी. मी रोज वसतिगृहात जाऊन बघत होते, आहेत की नाही."

"रोज," धाकटी म्हणाली. "आणि मी रोज धुतलेली चादर घालत होते, उद्या येतील म्हणून. तुम्ही खालून बघत होतात मला."

"बघत होते."

"याचा राग जाईल की नाही ते मला माहीत नाही, ताई. त्यांना मी काय ते बोललेय, ते आमचं आम्ही बघू. तुमचं मात्र अजून कळत नाहीये. तुम्ही चुकलात असंही म्हणता येत नाही, हेच जास्त डोक्यात जातं." ती दार उघडून परत वळली. "आणखी एक. माणसं घाण घेऊन इथे आल्यावर आपण सुया टोचतो. ती बंदरात उतरायच्या आधीच बोटीवर जाऊन कुणी बोलत का नाही? तुम्ही बोललात तर झोपतील. मला पाठवा."

बोटींवर जायचा परवाना मिळायला महिना गेला. पहिल्या खेपेला दोघी लाँचमधून बाहेर नांगरलेल्या एका मालवाहू जहाजावर गेल्या. दोरीची शिडी चढताना धाकटीचा चेहरा हिरवा पडला होता, पण जेवणघरात जमलेल्या अठरा पुरुषांसमोर ती कंडोमची पेटी उघडून उभी राहिली तेव्हा आवाज खणखणीत होता. तिने आजारांची यादी सांगितली नाही. "माझा नवरा पंपमन आहे," ती म्हणाली. "एकदा तो आठ दिवस उशिरा घरी आला. का, ते मला वर्षभर कुणी सांगितलं नाही. सांगू तुम्हाला?" चमचे थांबले. कोपऱ्यात बसलेल्याने मोबाइल खाली ठेवला. यातलं किती सांगायचं ते धाकटी आणि तिच्या नवऱ्याने आधीच ठरवलं होतं. सिस्टरला ते तिथेच, इतरांबरोबर कळलं. बोलणं संपल्यावर पेटी रिकामी झाली, आणि दोघं जण कुणाला दिसणार नाहीत असे मागे रेंगाळले, तपासणी कधी असते ते विचारायला.

परतीच्या लाँचवर धाकटी सिस्टरपासून दूर, पुढच्या फळीवर बसली. पाणी चढलं होतं. तिला उलटीची उबळ आली तेव्हा तिने मागे न बघताच हात पसरला, आणि सिस्टरने सरकून तो धरला.